परत वर आलेली रेघ

जनाबाईंनी पदराच्या टोकानं कॉम्प्युटरची काच पुसली, चष्मा नाकावर नीट बसवला आणि पडद्यावरच्या रेघेवर बोट ठेवलं.

“इथनं घसरली. इथं पार जमिनीला टेकली. आणि ही बघ, इथं परत वर आली.”

“आई, बोट नको लावूस. डाग पडतात.”

“आत्ताच तर पुसली मी!” जनाबाई म्हणाल्या, पण बोट काही काढलं नाही. रेघ जिथं वर चढत होती तिथं ते जरा वेळ तसंच राहिलं.

बाहेरच्या खोलीत शिवराम ट्रंकेला दोरी आवळत होते. दोरीची करकर आत येत होती. बदलापूरच्या शिरगावातल्या त्या दोन खोल्यांच्या घरात शेजारच्या कुकरची शिट्टीसुद्धा आपल्याच घरातली वाटते, तिथं नवऱ्यानं सामान बांधल्याचा आवाज लपतो थोडाच? जनाबाईंनाही तो ऐकू येत होता. पण त्या रेघेकडेच बघत राहिल्या आणि स्वतःशीच हसल्या.

ते हसू स्वप्नालीला बघवेना. कारण रेघ खोटी होती. तिला ते कालपासून माहीत होतं, आणि आईला सांगायला तिच्यापाशी फक्त आजचा दिवस होता. उद्या पौर्णिमा. उद्या सकाळी बबनकाका टेम्पो घेऊन येणार आणि बाबा जाणार.

आता ही रेघ कसली, ते सांगायला हवं. स्वप्नाली मुंबईच्या एका संस्थेत पीएच.डी. करत होती. विषय असा, की इमारतीत कुणी विचारलं तर ती ‘फिजिक्स’ म्हणून मोकळी व्हायची. पण जनाबाई तेवढ्यावर सोडणाऱ्या नव्हत्या. पोरगी दिवसदिवस काचेकडे बघत बसते, मग त्या काचेत आहे तरी काय, हे त्यांनी होळीच्या सुमाराला एकदा खनपटीला बसून विचारून घेतलं होतं.

“अणूंचा वायू असतो, आई. फर्मी वायू म्हणतात. तो इतका गार करतात, की त्याच्याहून गार जगात दुसरं काही नसतं.”

“फ्रीजपेक्षा?”

“फ्रीज म्हणजे त्याच्यापुढं भट्टी.”

“अगं बाई! मग?”

“मग ते अणू जोड्या करतात. दोघादोघांच्या.”

“करणारच. एवढ्या थंडीत एकटं कोण राहील?”

स्वप्नालीला हसू आलं होतं. असं सोपं करून तिला तिच्या सरांनीही सांगितलं नव्हतं. ती पुढं सांगत गेली. त्या अणूंमधली ओढ आपल्या हातात असते. बाहेर चुंबक असतो, तो कमीजास्त केला की ओढ कमीजास्त होते. ओढ सावकाश कमी केली तर जोड्या हळूहळू सैल होतात, जुळवून घेतात. पण एकदम कमी केली, खटका मारल्यासारखी, तर त्यांना काही कळायच्या आतच सगळं बदललेलं असतं. खटका बसल्यावर त्या जोड्यांचं पुढं काय होतं, एवढंच ती बघत होती.

“म्हणजे तू जोड्या मोडतेस.”

“मी कशाला मोडू? खरे प्रयोग परदेशात होतात. मी नुसतं गणित करते. सगळ्या जोड्या मिळून एका तालात किती आहेत, त्याची ही रेघ.”

तेव्हा पडद्यावर रेघ आधी घसरली, थरथरत थरथरत शून्याला गेली, बराच वेळ तिथंच पडून राहिली. जनाबाईंनी सुस्कारा सोडला, “संपलं बिचाऱ्यांचं,” असं म्हणाल्या आणि उठायला लागल्या. आणि तेवढ्यात रेघ हलली. वर यायला लागली. चांगली जवळजवळ पहिल्याएवढी वर आली.

जनाबाई होत्या तशा परत खाली बसल्या.

“आली की गं परत!”

“आली,” स्वप्नालीही म्हणाली.

त्या घराला खटका म्हणजे काय ते शिकवायला नको होतं. दोन वर्षांपूर्वीपर्यंत त्यात चार माणसं होती. राजेंद्र, स्वप्नालीचा मोठा भाऊ, अंबरनाथला एका केमिकल कंपनीत कंत्राटावर होता. त्याचं मन तिथं नव्हतं. त्याला उल्हासनगरला मित्राबरोबर कॉम्प्युटर जोडून विकायचा धंदा करायचा होता. तिथल्या कॅम्पातल्या सिंधी दुकानदारांशी “साईं, साईं” करत घासाघीस करून, एकेक भाग गोळा करून त्यानं बहिणीसाठी हा कॉम्प्युटर स्वतः जोडला होता. पण शिवरामांची सगळी उमर अंबरनाथच्या दारूगोळ्याच्या सरकारी कारखान्यात गेलेली. पक्की नोकरी म्हणजे काय, हे त्यांना पक्कं ठाऊक. ते म्हणाले, “राजा, पर्मनंट होईपर्यंत थांब. मग तुला जे करायचं ते कर.” तो थांबला. आणि मग एका दुपारी कंपनीत स्फोट झाला.

घरात माणसं जमलेली असताना, सगळ्यांच्या देखत, जनाबाई नवऱ्याला एवढंच म्हणाल्या होत्या: “तुम्हीच थांबवलंत त्याला.”

एकच वाक्य. दोघं त्यानंतर एकमेकांशी एक शब्द बोलले नाहीत. भांडण नाही, आदळआपट नाही. भांडले असते तर बरं, असं स्वप्नालीला कितीदा वाटायचं. त्या घरात आता ती टेलिफोनची तार झाली होती. “आईला सांग, गॅस संपत आलाय.” “बाबांना विचार, भाकरी टाकू का चपाती?” दोघं दोन हातांवर बसलेले, आणि निरोप मात्र मुलीच्या तोंडून फिरून जायचे.

आणि एक गोष्ट होती, ती स्वप्नालीला सगळ्यांत जास्त टोचायची. या घरात संध्याकाळची वंदना कधी चुकली नव्हती. कारखान्याच्या क्वार्टरमध्ये राहायचे तेव्हापासून बुद्धांच्या आणि बाबासाहेबांच्या फोटोपुढं चटई पडायची, शिवराम सुरुवात करायचे आणि जनाबाईंचा आवाज त्यांच्या आवाजाला चिकटून चालायचा. लहानपणी स्वप्नालीला वाटायचं, वंदना एकच माणूस दोन आवाजांत म्हणतंय. राजेंद्र गेल्यावरही वंदना चुकली नाही. पण शिवरामांची चटई बाहेरच्या खोलीत राहिली आणि जनाबाईंनी आपली स्वयंपाकघरात नेली. दोघं आपापली म्हणायचे. एकाच वेळी सुरू झाली, तरी ते त्रिसरण संपवून पंचशीलावर जायचे तेव्हा या अजून पहिल्याच ओळीत असायच्या. शब्द तेच, आणि ऐकणाऱ्याला नुसता गलबला.

म्हणून रेघ वर आली तेव्हा दोघी मायलेकींनी तिच्यावर जीव टाकला. स्वप्नालीनं संस्थेत तिच्यावर लिहायला घेतलं. जनाबाईंनी काही न बोलता नवऱ्याच्या आवडीची सुक्या बोंबलाची चटणी पुन्हा करायला सुरुवात केली. दर शनिवारी त्या कॉम्प्युटरपाशी येऊन विचारायच्या, “दाखव गं ती.” आणि पाहून झालं, की पुढचा आठवडा त्यांना पुरायचा.

मग दिवाळीनंतर शिवरामांनी एक दिवस जाहीर केलं. जाहीर म्हणजे स्वप्नालीला सांगितलं, आईला ऐकू जाईल एवढ्या आवाजात. अंबरनाथला जुन्या वस्तीतल्या विहाराला देखरेखीला माणूस पाहिजे होता, मागं राहायला खोली होती. बबननं विचारलंय, तर मी जातो म्हणालोय. लोकांना सांगायला किती बरं! कुणी म्हणणार नाही, की म्हाताऱ्यानं घर सोडलं. म्हणतील, धम्माचं काम करतोय.

“आई, तू एकदा ‘नका जाऊ’ म्हण ना,” स्वप्नालीनं आईच्या किती विनवण्या केल्या. “एक शब्द. बाबा थांबतील.”

“मी कशाला म्हणू? जाऊ दे की. खटका बसला की वेळ लागतोच. तूच दाखवलंयस मला.” असं म्हणून जनाबाई कणीक मळायला लागायच्या. “येतील परत. आपोआप येतील.”

आणि काल सरांनी रेघेवर पेन्सिल टेकवली होती.

“हे परत वर येणं मला पटत नाही. तू पातळ्या किती घेतल्यास?”

अणूंना बसायला ऊर्जेच्या पायऱ्या असतात, त्यांना पातळ्या म्हणायचं. खऱ्या वायूत त्यांना अंतच नसतो. गणितात मात्र आपण घेऊ तेवढ्याच. स्वप्नालीनं आकडा सांगितला.

“एवढ्याशा? का?”

ती काय सांगणार! बदलापुरात रोजचं लोडशेडिंग. लाईट कधी जाईल त्याचं वेळापत्रक फ्रीजवर चिकटवलेलं, आणि तेही महावितरणच्या लहरीवर. गणित अर्धं झालं, की खोलीत काळोख आणि सगळं मुसळ केरात. संस्थेच्या मोठ्या मशीनवर नंबर लागायला आठवडे जायचे. आणि सुटीच्या दिवशी आईला त्या अबोल्यात एकटं ठेवून निघायला पाय उचलायचा नाही. म्हणून तिनं गणित दादाच्या कॉम्प्युटरवर बसवलं, आणि एका लाईटमध्ये पुरं होईल एवढ्याच पायऱ्या घेतल्या.

“लाईट जायची, सर.”

सर हसले नाहीत. मोठ्या मशीनवरचा आपला नंबर त्यांनी तिला दिला. “दुप्पट घेऊन बघ.”

दुप्पट घेतल्या, तर रेघ दुप्पट उशिरा वर आली. चौपट घेतल्या, तर त्याच्याही दुप्पट उशिरा. सरांना पुढं काही बोलावं लागलं नाही. जितक्या पायऱ्या वाढवाल तितकं ते परतणं लांब लांब जात होतं, आणि खऱ्या वायूत ते कधीच येणार नव्हतं. शितावरून भाताची परीक्षा करतात खरी, पण तिच्या भांड्यात शितंच चार होती.

“पेटी लहान होती तुझी,” सर म्हणाले. “लहान पेटीत सगळंच कधी ना कधी परत येतं. होतं असं. पुन्हा नीट लिही.”

पुन्हा नीट लिहिता येईल, त्याचं काही नव्हतं. तिच्या डोळ्यांपुढं सर नव्हतेच. काच पुसणारी आई होती.

“स्वप्ना,” बाहेरून शिवरामांनी हाक मारली, “हिला विचार, माझी लोकरीची टोपी कुठंय?”

“माळ्यावरच्या पिशवीत,” जनाबाई रेघेकडे बघत स्वप्नालीला म्हणाल्या.

“माळ्यावरच्या पिशवीत,” स्वप्नाली बाहेरच्या दिशेनं म्हणाली.

तेवढ्यात लाईट गेली. पंखा थांबला, काच काळी झाली आणि त्या काळ्या काचेत आईचं बोट रेघेशिवाय उरलं. जनाबाईंनी ते काढून घेतलं आणि उद्याच्या खिरीचे तांदूळ निवडायला खिडकीच्या उजेडात सूप मांडीवर घेतलं. राजेंद्र गेल्यापासून या घरात पौर्णिमेची खीर झाली नव्हती. उद्यासाठी करायची, हे त्यांनी कालच ठरवलं होतं. माणूस जाताना तोंड गोड करून गेलं, की परत यायची वाट विसरत नाही म्हणतात.

स्वप्नाली आईसमोर फरशीवर बसली. मुठीभर तांदूळ तिनंही पुढं ओढले.

“आई, ती रेघ चुकलेली आहे.”

“कुठली?”

“तीच. परत वर येते ना, ती चूक आहे. ती येत नाही वर.”

जनाबाईंचा हात सुपात तसाच राहिला. “मशीन बिघडलं?”

“मशीन ठीक आहे. मीच चुकले. लाईट जायची म्हणून मी आत थोडेच घेतले. थोडे असले की परत येतात. खरे म्हणजे खूप असतात, मोजता येणार नाहीत एवढे. ते खाली गेले की गेले. आपोआप परत येत नाहीत.”

“आपोआप नाही.”

“नाही.”

“मग कसे येतात?”

“कुणीतरी ओढ वाढवावी लागते. बाहेरून. चुंबक फिरवावा लागतो.”

जनाबाईंनी एक खडा उचलला, बोटांत धरून बघितला आणि बाजूला न टाकता परत सुपातच टाकला.

“मी होळीपासून बसलेय त्या रेघेपाशी,” त्या म्हणाल्या. “रोज वाटायचं, आता वर येतील. आज नाही तर उद्या. उठून चार पावलं बाहेर गेले नाही मी.”

“मला माहीत नव्हतं गं, आई.”

“तुला माहीत नव्हतं. एवढी शिकलेली तू. मग मला कुठनं असणार?”

आवाजात राग नव्हता. राग असता तर स्वप्नालीला सोसला असता. तिला रडू फुटलं. आईनं तिच्या डोक्यावर हात ठेवला नाही, की उगी म्हटलं नाही. जनाबाई समोरच्या मांडणीकडे बघत होत्या. मांडणीत चार ताटं उभी होती, त्यातलं एक दोन वर्षं कुणी काढलं नव्हतं.

“मोडल्यावर काय होतं त्यांचं?” अंधारून आल्यावर जनाबाईंनी विचारलं. “मरतात?”

“नाही. मरत नाही कुणी. प्रत्येक जण आपल्या जागी हलतच असतो, आपल्या चालीनं. पण एकाचा ताल दुसऱ्याला लागत नाही. म्हणून सगळ्यांची बेरीज केली की शून्य दिसतं. लांबून वाटतं, शांत झालं सगळं.”

बाहेर शिवरामांनी मेणबत्ती लावली असावी. दारातून पिवळा उजेड आत आला. त्यांनी वंदना सुरू केली. रोज याच वेळी जनाबाई स्वयंपाकघरात आपली चटई टाकायच्या. आज त्यांनी टाकली नाही. हात सुपात ठेवून त्या नुसत्या ऐकत बसल्या. दोन वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या स्वतःच्या आवाजाशिवाय त्यांना नवऱ्याचा आवाज ऐकू येत होता.

“किती भराभरा म्हणतात हल्ली,” त्या हळूच म्हणाल्या. “कुणी पाठीमागं लागल्यासारखं.”

सकाळी गारठा होता. खिडकीतून टावळीच्या डोंगराची रांग धुक्यात अर्धी बुडालेली दिसत होती. शिवराम आंघोळ करून, पांढरा सदरा घालून, ट्रंकेशेजारी चटई टाकून बसले होते. जायच्या आधी पौर्णिमेची वंदना इथंच म्हणायची, मग निघायचं, असं त्यांनी स्वप्नालीमार्फत कळवलं होतं. ते हात जोडणार, तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारात जनाबाई आल्या. पांढरं लुगडं, काखेत गुंडाळलेली चटई. त्यांनी ती नवऱ्याच्या चटईला लागून अंथरली आणि खाली बसल्या. गुडघा दुखत असल्यानं बसताना तोंडातून “आई गं” निघालं, तेवढंच.

शिवरामांनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. पण जोडलेले हात त्यांनी एकदा सोडले आणि पुन्हा जोडले.

सुरुवात त्यांनीच केली. जनाबाईंनी सूर धरला आणि दुसऱ्याच शब्दाला हुकल्या. ते पुढं गेले होते. त्यांनी घाई केली, तर श्वास पुरेना. शिवरामांच्या लक्षात आलं असावं, त्यांनी चाल कमी केली. पण तोवर जनाबाई धावत होत्या, त्या आता पुढं निघाल्या. मागं बसलेल्या स्वप्नालीनं नखं तळहातात रुतवून घेतली. ज्या वंदनेत या दोघांचे आवाज तीस वर्षं ओळखू येत नव्हते, त्यात ते आता एकमेकांना शोधत होते आणि चुकत होते. दुसऱ्या आवर्तनाला शिवराम जनाबाईंसाठी थांबले. त्याच क्षणी त्या त्यांच्यासाठी थांबल्या.

घर गप्प झालं.

दोघंही हात जोडून, मान खाली घालून, समोरच्यानं सुरुवात करायची वाट बघत होते. स्वप्नालीला पुढचा शब्द येत होता. तो तिच्या ओठांवर आला होता. दोन वर्षं हिचा निरोप त्याला आणि त्याचा हिला, हेच तर काम होतं तिचं. पण आज तिनं तोंड मिटून ठेवलं.

जनाबाईंनी मान वर न करता डावा हात सोडवला आणि नवऱ्याच्या गुडघ्यावर टेकवला. मग बोटानं हलकेच ठोका दिला. एक. दोन. तिसऱ्या ठोक्याला दोघांनी मिळून सुरुवात केली. नीट नाही जमलं. दोघांचेही आवाज फाटले होते, आणि एका ओळीला शिवराम पार अडखळले. पण शेवटच्या ओळीपर्यंत तो हात गुडघ्यावर होता, आणि शेवट दोघांचा एकदम झाला.

खाली टेम्पोचा हॉर्न वाजला. बबनकाका धापा टाकत जिना चढून आले, “जय भीम, वहिनी!” म्हणाले आणि त्या दोन चटया बघून दारातच घुटमळले. शिवरामांचे ते कारखान्यातले मित्र. या घराचं काय चाललंय ते त्यांना चांगलं माहीत होतं.

“मी काय म्हणतो, शिवा,” ते डोकं खाजवत म्हणाले, “घाई नाही काही. विहार काय पळून चालला नाही.”

सगळे शिवरामांकडे बघायला लागले. स्वप्नालीला वाटलं, आता म्हणतील. आता दोरी सोडतील.

“शब्द दिलाय मी,” शिवराम म्हणाले. “लोक वाट बघत असतील.”

जनाबाई उठल्या. त्या आत जाऊन दार ओढून घेतील असं स्वप्नालीला वाटलं; पण त्या खिरीच्या वाट्या घेऊन बाहेर आल्या. एक बबनकाकांना दिली. दुसरी त्यांनी नेहमीसारखी टेबलावर ठेवली नाही, की मुलीच्या हातीही दिली नाही. नवऱ्यासमोर उभ्या राहून ती त्यांच्या हातात दिली. शिवरामांनी उभ्याउभ्याच खाल्ली. दोन घासांनंतर ते थांबले. राजेंद्रला खीर फार आवडायची. त्यांनी वाटी मात्र बोटानं पुसून पूर्ण संपवली.

ट्रंक खाली गेली. वळकटी गेली. लोकरीची टोपी डोक्यात घालून शिवराम दाराशी आले, चपला पायात सरकवल्या आणि तिथंच उभे राहिले. त्यांनी तोंड उघडलं तेव्हा स्वप्नाली सवयीनं पुढं झाली. पण ते तिच्याकडे बघत नव्हते.

“पुढची पौर्णिमा कधी आहे गं?” त्यांनी विचारलं.

कारखान्याच्या दिवसांपासून ज्या माणसाच्या खिशात पौर्णिमांच्या तारखा असायच्या, जो आता विहार सांभाळायला निघाला होता, तो आपल्या बायकोला पौर्णिमा विचारत होता.

जनाबाईंनी पदर खांद्यावर घट्ट ओढून घेतला.

“महिन्यानं,” त्या म्हणाल्या. “या. आणि इतकं भराभरा म्हणू नका. मला होत नाही आता तेवढं.”

शिवरामांनी मान हलवली आणि कठडा धरून ते जिना उतरायला लागले. टेम्पो वळून दिसेनासा होईपर्यंत स्वप्नाली खिडकीत उभी होती. माणूस तर गेलाच. तिनं काल खरं सांगितलं आणि तरी तो गेलाच.

ती मागं वळली तेव्हा जनाबाई फरशीवर वाकल्या होत्या. त्यांनी नवऱ्याची चटई उचलून आपल्या चटईवर ठेवली, कडा जुळवून घेतल्या आणि दोन्ही मिळून एकच गुंडाळी केली. मग गुडघ्यावर हात टेकत उठून ती गुंडाळी स्वयंपाकघरात न नेता बाहेरच्या खोलीतच, दाराच्या मागं उभी करून ठेवली.